गळाला लागलेले प्रश्न : मार्चचं पहाडी पाणी आणि ट्राउट

मागच्या अंकात जाता जाता एवढंच लिहिलं होतं की हिमाचलातल्या ट्राउटच्या (हा गार पाण्यातला मासा) नद्या १ मार्चला मासेमारीसाठी उघडतात, तर त्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सअॅप मेसेज आले की या वेळचं पान सगळं त्यालाच दिलंय. बाहेरच्या माणसाला नवल वाटेल, बेळगाव-खानापूरच्या लोकांना कुल्लू-काश्मीरच्या माशाचं काय पडलंय, खरं इथं मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आहे, गावागावात फौजेतली माणसं आहेत आणि रजेवर आलेला फौजी तिकडच्या नद्यांच्या गोष्टी सांगितल्याशिवाय राहतोय होय? मरळ आणि कटल्याचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो, रागवू नका.

प्रश्न : काका, पुतण्या कुल्लूजवळ नोकरीला आहे, मार्चच्या पहिल्याच आठवड्यात त्याच्याकडं चाललोय. तीर्थन नदीवर ट्राउट धरायची लई वर्षांची इच्छा आहे. आमच्या मलप्रभेवर कसं, पहाटे पाचला जाऊन बसलं की मासा लागतोय. तिथंपण पहाटेच जायचं का? आणि एवढ्या थंडीत मासा खातोय तरी का?
— माजी सैनिक, खानापूर तालुका

उत्तर : पहाटे पाचला अजिबात जाऊ नका. झोपा निवांत, पुतण्याच्या घरी चहा-नाश्ता करा, ऊन दरीत खाली नदीपर्यंत उतरू दे, दहा-साडेदहाला निघालात तरी काही बिघडत नाही. मार्चमधल्या पहाडी नदीवर आपली इकडची सवय उपयोगाची नाही, तिथं सगळं पाण्याच्या तापमानावर चालतंय.

मासा थंड रक्ताचा, पाणी जेवढं गार तेवढंच त्याचं अंग गार आणि तशीच त्याची भूक. ट्राउटला साधारण १० ते १६ अंश सेल्सियस पाणी मानवतं, तेव्हा तो मोकळेपणानं खातो, आमिषामागं धावतो. पाणी ४-५ अंशाच्या खाली गेलं की पचन मंदावतं, मग तो तळाला दगडाच्या आडोशाला पडून राहतो, अगदी तोंडासमोरून काही गेलं तर तोंड उघडतो, हातभर लांबचं खायला उठत नाही. आता तीर्थनचं बघा, वरून ती ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कातून येते, गुशैणी गावापाशी साधारण दीड हजार मीटर उंचीवर आहे, मार्चच्या सुरुवातीला तिथं रात्री चांगलाच कडाका असतो आणि दोन्ही बाजूला उंच डोंगर असल्यामुळं ऊन पाण्यावर पोचायलाच उशीर होतोय. सकाळी सातला पाणी समजा ५ अंश असलं तर दुपारी एकला ते ८ किंवा ९ असेल. मलप्रभेत २५ चं २८ झालं तर डुंबणाऱ्या म्हशीलासुद्धा पत्ता लागत नाही, खरं ट्राउटला ५ चं ८ झालं की त्याचा दिवस उजाडला. म्हणून मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात ११ ते ३ ही वेळ धरा. चारला डोंगराची सावली पाण्यावर पडली की सामान आवरायला घ्या, त्यानंतर काठावर कुडकुडत बसून उगाच हट्ट करण्यात अर्थ नाही.

थर्मामीटर पाहिजेच. महागडा नको, अॅक्वेरियमच्या दुकानात काचेचा मिळतो तोच घ्या, वरच्या टोकाला तंगूस बांधा आणि सावलीतल्या वाहत्या पाण्यात दोन मिनिटं सोडा. आकडा वाचताना थर्मामीटर पाण्यातच असू दे, बाहेर काढला की तिथल्या वाऱ्यानं पारा लगेच सरकतोय आणि तुम्ही भलतंच वाचता. आल्यावर एकदा, मग दर तासाला एकदा, एवढं बघितलंत तरी कधी बसायचं आणि कधी उठायचं ते तुमचं तुम्हाला कळेल.

जागेचं सांगतो. फेसाळ पांढरं पाणी बघून सगळ्यांचे हात शिवशिवतात, तिकडं जाऊ नका, गार पाण्यातला मासा जोराच्या धारेत उभं राहायला ताकद घालवत नाही. डोह बघा, डोहाचा खालच्या अंगाचा भाग जिथं पाणी संथ पण कमरेएवढं खोल असतं, मोठ्या धोंड्याच्या मागची शांत जागा, आणि धार व संथ पाणी एकमेकांना घासून जातात ती रेघ. ज्या काठावर सकाळपासून ऊन पडलंय तो काठ धरा. आणि डोंगरातल्या झऱ्याचं पाणी नदीला मिळतं तिथं थांबाच, कारण ते जमिनीच्या पोटातून येतं, त्याला बाहेरच्या थंडीशी देणंघेणं नाही, कडाक्यात ते नदीपेक्षा ऊबदार असतं आणि मासे अशी जागा बरोब्बर हुडकून काढतात. बर्फ वितळून आलेला नाला वेगळा, तो नदीपेक्षाही गार. दिसायला दोन्ही सारखेच, थर्मामीटर बुडवा, फरक कळेल.

परवाना हिमाचलच्या मत्स्य खात्याकडून काढायचा, तो दिवसाचा असतो. किती मासे ठेवायचे, केवढ्याच्या खालचे सोडायचे हे आधी विचारून घ्या, फौजी माणसाला नियमाचं मी काय सांगू.

प्रश्न : आम्ही मुलांची शाळा सुटल्यावर जाणार, म्हणजे एप्रिलचा शेवट किंवा मे. एक मित्र म्हणतो दुपारी जा, ऊब असते. दुसरा म्हणतो सकाळी. आणि नदी गढूळ झाली तर तसंच परत फिरायचं का?
— निपाणी

उत्तर : पहिला मित्र मार्चचं सांगतोय आणि तुम्ही निघालाय मे महिन्याच्या तोंडावर, तोवर सगळं उलटं झालेलं असतं. एप्रिलच्या शेवटी वरच्या अंगाचा बर्फ जोरात वितळायला लागतो, ऊन तापलं की दुपारी वितळतो आणि ते पाणी खालपर्यंत यायला काही तास घेतं, म्हणजे तुम्ही शर्टावर घाम पुसत उभे आणि नदीत मात्र दुपारनंतर गार, वाढतं, राखी रंगाचं पाणी उतरायला लागतं. रात्री वर पुन्हा थंडी पडते, वितळणं थांबतं, म्हणून सकाळी नदी उतरलेली आणि निवळ. तेव्हा मेमध्ये फटफटल्यापासून दहा-अकरापर्यंत काय ते करून घ्या. तुमच्या दुसऱ्या मित्राला एक कुंदा द्या माझ्याकडून.

पाणी वाढतंय का हे नुसत्या डोळ्यानं कळत नाही, कारण ते हळू चढतं. काठाला पाण्याच्या कडेला बरोबर टेकेल असा एक चपटा दगड ठेवा आणि अर्ध्या तासानं बघा. दगड दोन बोटं बुडाला असेल, वरून काड्या-पानं वाहून यायला लागली असतील, तर त्या दिवसाचा खेळ संपला, नदीच्या मधल्या दगडावर उभे असाल तर आधी काठाला या, मासा गेला खड्ड्यात.

गढूळपणात दोन प्रकार. बर्फाच्या पाण्याचा गढूळपणा दुधट, हिरवट-राखी असतो, त्यात खडकाचं अगदी बारीक पीठ तरंगत असतं, तो थोडा असेल आणि तुमचा पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात दिसत असेल तर परत फिरू नका, मासा अशा वेळी काठाजवळ येतो, जरा मोठी आणि काळपट माशी (म्हणजे फ्लाय, किड्यासारखं बनवलेलं नकली आमिष) लावा आणि काठालगतच टाका. पावसाचा गढूळपणा तांबूस, चहासारखा, तो दिसला की त्या दिवशी डोंगर बघा, मुलांना सिड्डू (तिकडची वाफवलेली भाकरी) खायला घाला.

आता एक गोष्ट जरा आवाज चढवून सांगतो. तीर्थन आणि सैंज या नद्या लारजीपाशी बियासला मिळतात आणि तिथं धरण आहे. ८ जून २०१४ ला त्या धरणातून अचानक पाणी सोडलं आणि खाली थलौटजवळ नदीच्या पात्रात फोटो काढायला उतरलेले हैदराबादच्या इंजिनीअरिंग कॉलेजचे २४ विद्यार्थी वाहून गेले. पाणी कोरड्या दगडांवर किती लवकर चढतं ते तेव्हा सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं. मुलं सोबत असतील तर धरणाच्या खालच्या अंगाला पात्रात उतरायचंच नाही, मासे तिथं कितीही असू देत. वरच्या अंगाला, गुशैणीकडं, धरणाची भीती नाही, तिथं फक्त बर्फाचं पाणी आणि पाऊस सांभाळा.

जुलै-ऑगस्टला जायचा विचार करू नका. आणि दिवाळीच्या आधी रजा मिळत असेल तर सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर हा काळ माझ्या मते मेपेक्षा कितीतरी सरस, पाणी उतरलेलं, निवळ, दिवसभर खेळता येतं. ३१ ऑक्टोबरनंतर नदी बंद.

प्रश्न : माझ्याकडं मरळीसाठी घेतलेला स्पिनिंग रॉड आहे, हिडकलच्या बॅकवॉटरला वापरतो. त्याच्यावरच फ्लाय बांधून टाकली तर चालत नाही का? दुकानदार नवीन सगळा सेट घ्यायला सांगतोय, त्याचा धंदाच तो.
— टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : दुकानदारावर संशय घेणं बरोबरच आहे, खरं या वेळी तो खोटं बोलत नाही. मरळीला तुम्ही जो रबरी बेडूक फेकता त्याला स्वतःचं वजन असतं, ते वजन दोरीला ओढून नेतं. ट्राउटची माशी म्हणजे आकड्यावर गुंडाळलेलं पीस आणि केस, तिला वजनच नाही, फेकली तर तुमच्याच पायाशी पडेल. म्हणून फ्लाय फिशिंगमध्ये वजन दोरीत असतं, जाड, लेप दिलेली दोरी, काठीनं ती दोरी मागं-पुढं झुलवून सोडायची आणि माशी तिच्यामागून जाते. काठी, दोरी दोन्ही त्याच हिशोबानं बनवलेली, नंबर जुळावे लागतात.

पहिल्यांदा घेताय तर ९ फुटी, ५ नंबरची काठी आणि तिलाच ५ नंबरची तरंगणारी दोरी घ्या. काठी एकदम भारीतली नको, पैसे दोरीवर घाला. पुढं ९ फूट लीडर, म्हणजे जाड दोरी आणि माशी यांच्यामधला निमुळता तंगूस, आणि त्याच्या टोकाला टिपेट, म्हणजे माशी बांधायचा सगळ्यात बारीक तुकडा, ४एक्स किंवा ५एक्स. ५एक्स म्हणजे साधारण ०.१५ मिलिमीटर जाडी, मरळीला लावता त्या तंगुसाच्या निम्म्याहून कमी, हातात धरल्यावर हे तुटणारच असं वाटतं. मार्चचं पाणी काचेसारखं निवळ असतं, जाड तंगूस माशाला लांबूनच दिसतो, म्हणून बारीकच पाहिजे. मासा लागल्यावर मरळीसारखा हिसका मारलात तर मात्र तुटणार, काठी नुसती वर उचला, वाकू दे, ती वाकण्यासाठीच आहे. रीळ साधी चालेल, या नद्यांवर ती दोरी गुंडाळून ठेवण्यापुरतीच.

आणि पोलराइज्ड गॉगल घ्या. काठी एखाद्याची मागून आणता येईल, गॉगल स्वतःचा पाहिजे. पाण्यावरची चकाकी जाते, तळ दिसतो, मासा दिसतो, पाय कुठं ठेवायचा ते दिसतं.

प्रश्न : माशी म्हणजे नक्की कुठली? यादी बघितली की डोकं गरगरतंय, शेकड्यानं नावं आहेत. मार्चसाठी चार-पाच सांगा की.
— शिक्षक, चिकोडी

उत्तर : सर, नदीला विचारा. खरंच सांगतो. काठाजवळ घोटाभर पाण्यातून मुठीएवढा दगड हळूच उचला आणि उलटा करा. खालच्या ओल्या बाजूला किडे धावताना दिसतील, पहिल्यांदा काहीच दिसत नाही, जरा थांबा, डोळा बसला की दगड हलायला लागल्यासारखा वाटतो. चपटा, शेपटाला बहुतेक तीन केस आणि पोटाच्या दोन्ही कडांना कल्ल्यांची हलणारी झालर, तो मेफ्लायचा निंफ, म्हणजे पाण्यातलं पिल्लू. शेपट्या दोनच, अंग दणकट आणि पायाला दोन-दोन नख्या, तो स्टोनफ्लाय, तो स्वच्छ, गार, प्राणवायू भरपूर असलेल्या पाण्यातच राहतो, दिसला की नदी चांगली आहे समजा. आणि वाळूचे कण चिकटवून केलेल्या बारीक नळीत कोणी बसलेलं असेल तर तो कॅडिस. बघून झालं की दगड होता तसा, होता तिथं ठेवा, त्यांचं घर आहे ते.

तुम्हाला शाळेत मुलांना हे दाखवता येईल, आपल्या ओढ्यातही मेफ्लाय आणि कॅडिस मिळतात.

आता माशी. मार्चमध्ये पाण्याच्या वर उडणारे किडे कमी, ट्राउटचं जवळपास सगळं खाणं तळाशी, म्हणून निंफच (त्या पिल्लांसारख्या बनवलेल्या माश्या) लावायचे. फेजंट टेल आणि हेअर्स इअर, दोन्ही डोक्याला मणी असलेले, १४ आणि १६ नंबरचे, यात नंबर मोठा तेवढा गळ लहान हे लक्षात ठेवा. काळा किंवा तपकिरी स्टोनफ्लाय ८ किंवा १० नंबर. झालं. या तीन प्रकारांत मार्च निघतो. मणी पितळेचा किंवा टंगस्टनचा असतो, टंगस्टन लवकर बुडतो आणि गार पाण्यात बुडणं महत्त्वाचं, मासा वर येत नाही तर माशीनं खाली जायचं.

दोरीला वरच्या बाजूला लोकरीचा रंगीत तुकडा बांधा, तो खूण म्हणून, आपल्या गळाला फाटी किंवा थर्माकोल लावतो तसाच त्याचा उपयोग. लोकरीपासून माशीपर्यंतचं अंतर पाण्याच्या खोलीच्या साधारण दीडपट ठेवायचं. मग वरच्या अंगाला टाकायचं आणि धारेच्या चालीनं वाहू द्यायचं, ओढायचं नाही, तळाचा किडा सुटला की जसा पाण्याबरोबर गपगुमान वाहतो तसं. लोकर क्षणभर अडखळली, थांबली, बाजूला सरकली की उचला. दहापैकी नऊ वेळा दगड असेल, खरं उचलत राहा. आणि तळाला अधूनमधून अडकत नसेल तर तुमची माशी खोल जातच नाही, आणखी वजन लावा.

एक चौथी डबीत असू द्या. मार्चच्या एखाद्या ढगाळ, शांत दुपारी बारा-एकच्या सुमारास अगदी बारीक करड्या माश्या पाण्यातून वर निघतात, तास-दीड तास, डोहावर इथं-तिथं वर्तुळं उठायला लागतात. तेव्हासाठी १८ नंबरची तरंगणारी करडी माशी, ब्लू विंग्ड ऑलिव्ह म्हणून मिळते. वर्तुळं उठली नाहीत तर ती डबीतच राहू दे.

प्रश्न : पहलगामला पोस्टिंग असताना लिद्दर नदीत ट्राउट बघितलेत. सोबतचे म्हणायचे हे मासे इंग्रजांनी विलायतेहून आणलेत. खरं का?
— उचगाव

उत्तर : खरं आहे. १८९९ मध्ये ब्राउन ट्राउटची अंडी ब्रिटनहून काश्मीरला पाठवली ती वाटेतच मेली, १९०० मध्ये पुन्हा पाठवली ती जगली आणि श्रीनगरजवळ हारवनला हॅचरी (अंडी उबवायचं केंद्र) उभी राहिली. पुढं काश्मीरची अंडी १९०९ मध्ये कुल्लूला नेली आणि तिथून ते बियासच्या खोऱ्यात पसरले. रेनबो ट्राउट मूळचा अमेरिकेच्या पश्चिम अंगाचा, तो नंतर आला, आज हिमाचलात ट्राउट फार्मवर पाळतात तो जास्त करून हाच. हिमालयाचा स्वतःचा मासा निराळा, स्नो ट्राउट, तिकडं त्याला असला म्हणतात, आणि नावात ट्राउट असलं तरी तो ट्राउटच्या कुळातला नाहीच, आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातला आहे.

प्रश्न : कणकुंबी-जांबोटीकडचं पाणी डिसेंबर-जानेवारीत बर्फासारखं गार असतंय. तिथं ट्राउटची पिल्लं आणून सोडली तर? टुरिझम वाढेल, होमस्टेवाल्यांना धंदा होईल. उटी-मुन्नारला जगतात तर आपल्याकडं का नाही?
— जांबोटी

उत्तर : गार असतंय ते तुमच्या-माझ्या पायाला. जानेवारीच्या सकाळी मलप्रभेच्या उगमाचं पाणी बोटं आखडवतं हे कबूल, खरं ट्राउटला बाराही महिने जगायचंय आणि आपल्याकडं एप्रिल-मे येतोय. पाणी २० अंशाच्या वर गेलं की ट्राउट धापा टाकायला लागतो आणि २५ च्या आसपास मरतो. कारण दोन बाजूंनी चिमटा बसतो, गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो (समुद्रसपाटीला १० अंशाच्या पाण्यात लिटरमागं साधारण ११ मिलिग्रॅम मावतो, २८ अंशाला ८ च्या आत), आणि त्याच वेळी गरम अंगाच्या माशाला प्राणवायू जास्त लागतो. निलगिरीत आणि मुन्नारच्या वरच्या भागात ट्राउट आहेत ते दोन हजार मीटरच्या आसपास, आपलं कणकुंबी त्याच्या निम्म्याला पण पोचत नाही.

आणि समजा जगले असते तरी मी नको म्हटलं असतं. ब्राउन आणि रेनबो दोन्ही ट्राउट जगातल्या सगळ्यात त्रासदायक १०० परक्या प्रजातींच्या यादीत आहेत, कारण जिथं सोडतील तिथले लहान मासे, बेडूक, जे मिळेल ते संपवतात. सह्याद्रीच्या ओढ्यांत असे कितीतरी बारीक मासे आहेत जे दुसरीकडं कुठंच नाहीत. कुणाच्या तरी होमस्टेसाठी त्यांना ट्राउटच्या तोंडी द्यायचं?

आपल्याकडं काय कमी आहे म्हणून हा सोस, मला कळत नाही. महसीर आपला आहे. त्यातल्या आपल्या दख्खनी महसीरची पहिली शास्त्रीय नोंदच १८३९ मध्ये कर्नल साइक्सनं पुण्याच्या मुळा-मुठेच्या माशावरून केली. ताकदीला ट्राउट त्याच्यापुढं पोरगं. त्याचे ओढे वाळूउपसा आणि सुरुंगापासून वाचवले तर लोक त्याच्यासाठी येतील. फक्त एक, म्हादई जिथं उगवते ते भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे, तिथं गळ टाकायचा नाही, महसीर दिसला तर बघायचा आणि पुढं चालायचं.

प्रश्न : मी मासा खात नाही, घरात माळकरी आहेत. फक्त धरून सोडायचा आनंद. सोडलेला ट्राउट जगतो का, का आपण उगाच पाप करतोय?
— येळ्ळूर

उत्तर : पापाचं घरच्या मंडळींना विचारा, जगण्याचं मी सांगतो. गार पाण्यात नीट सोडलेला मासा बहुतेक वेळा जगतो, आणि मार्च त्या दृष्टीनं चांगला महिना आहे कारण पाण्यात प्राणवायू भरपूर असतो. आकड्याची उलटी नखी पक्कडीनं दाबून टाका, म्हणजे आकडा अलगद निघतो. हात आधी पाण्यात ओले करा, कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग बुरशी लागते. पाण्यातच धरून आकडा काढा. फोटो काढायचाच तर मित्राला मोबाईल तयार ठेवायला सांगून मग उचला, तुम्ही श्वास रोखून धरा, तुम्हाला जड झालं की त्यालाही झालं. सोडताना तोंड धारेकडं करून दोन्ही हातांवर अलगद ठेवा, तो आपणहून निघून जाईल. काठावर आपटून मग पाण्यात फेकणारे बघितलेत, त्याला सोडणं म्हणत नाहीत.

पण तुमच्या प्रश्नात जे नाही तेच मार्चमध्ये जास्त महत्त्वाचं. मासा धरण्यानं जेवढं नुकसान होत नाही तेवढं चुकीच्या जागी पाय ठेवल्यानं होतं. ब्राउन ट्राउट थंडीच्या सुरुवातीला, नोव्हेंबर-डिसेंबरकडं अंडी घालतो. मादी उथळ, वाहत्या पाण्यात बारीक खड्यांच्या तळावर शेपटानं खळगा करते, अंडी सोडते आणि वरून खडे लोटून झाकते. ती अंडी किती दिवसांत फुटतील हे पुन्हा तापमानावरच, पाण्याचे रोजचे अंश मिळवत गेलं की बेरीज चारशेच्या थोडी वर गेल्यावर फुटतात, म्हणजे १० अंशाला चाळीसएक दिवस, ५ अंशाला ऐंशीच्या वर. शिवाय फुटल्यावरही पिल्लू पोटाची पिशवी संपेपर्यंत काही आठवडे खड्यांतच दडून असतं. हिशोब करा, १ मार्चला तुम्ही पाण्यात उतरता तेव्हा त्या खड्यांत जीव आहे. आणि रेनबो तर थंडीच्या शेवटाकडं अंडी घालतो, त्याचा तळ तेव्हा ताजाच.

ओळखायचं कसं? बाकीचा तळ शेवाळानं काळपट-तपकिरी असतो आणि मध्येच ताटाएवढा किंवा परातीएवढा एक तुकडा उजळ, घासल्यासारखा दिसतो, वरच्या अंगाला खळगा आणि खालच्या अंगाला छोटा उंचवटा. तिथून चालायचं नाही, वळसा घालायचा. त्या उजळ खड्यांवर मासे जोडीनं दिसले तर त्यांच्यावर माशी टाकायची नाही. शक्य असेल तिथं काठावरूनच खेळा, मार्चमध्ये ५-६ अंशाच्या पाण्यात उतरून तसाही फार वेळ पायाला शुद्ध राहत नाही.

थोडक्यात :

शहापूरहून विचारलंय, जायचं कसं. बेळगावहून गोवा एक्सप्रेसनं निजामुद्दीन, दिल्लीहून रात्रीची मनालीची बस, औटच्या बोगद्यापाशी उतरायचं, तिथून बंजारकडं जाणारी गाडी. मार्चमध्ये डबल स्वेटर घ्या, तिथं पाऊस आला तर वरच्या गावांत बर्फच पडतोय.

संकेश्वरहून, वेडर (पाण्यात उतरायचा, छातीपर्यंतचा वॉटरप्रूफ पोशाख) घ्यावा का. मार्चला जाणार असाल तर घ्या, आणि कमरेचा पट्टा घट्ट आवळल्याशिवाय पाण्यात पाय टाकू नका, पडलात तर पट्ट्यामुळं आत पाणी भरायला वेळ लागतो. मेमध्ये सकाळी काठावरून खेळणार असाल तर गरज नाही.

नंदगडहून एका मुलीनं विचारलंय, काठी घेतलीय, जायला अजून दोन महिने आहेत, इथं प्रॅक्टिस होईल का. होईल की. मोकळं मैदान बघ, गवत असलेलं, दगडावर दोरीचा लेप सोलतो. बेळगावला आलीस तर व्हॅक्सिन डेपोचं मैदान आहे, फिरायला येणारे लोक सकाळी लवकर असतात त्यांच्यापासून लांब उभी राहा. माशीच्या जागी लोकरीचा तुकडा बांध, आकडा अजिबात नको. पंचवीस-तीस फूट दोरी बाहेर काढून ठेव, त्याच्यापुढची हौस नको, तीर्थनसारख्या नदीवर त्याच्याहून लांब टाकायची वेळ क्वचितच येते. मागं नेल्यावर थांबायचं, दोरी मागं पूर्ण सरळ होईपर्यंत, वळून बघितलंस तरी चालेल, आणि मगच पुढं. सगळे इथंच घाई करतात आणि चाबकासारखा आवाज येतो, तो आवाज आला म्हणजे नदीवर त्या ठिकाणी माशी तुटून गेली असती. वारा असेल त्या दिवशीसुद्धा जा, पहाडात दुपारी दरीतून वर वारा सुटतोच. आणि जमिनीवर ताट ठेवून त्यात लोकर पाडायला शीक, जमायला लागलं की ताटाच्या जागी वाटी ठेव.